दार ओढून घ्या

ताईंच्या नोकरीत सहसा काही घडत नसे, आणि काही घडू नये म्हणूनच त्यांना पगार मिळत असे. नवं बाळ झालेल्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, आईबापांशी बोलायचं आणि परत यायचं. वजन हे निमित्त. खरं काम म्हणजे त्या घरात बाळाला कुणी मारू नये, आपटू नये, उपाशी ठेवू नये, म्हणून ती वेळ यायच्या आधीच तिथे जाऊन बसणं. खात्याच्या भाषेत याला 'बालकांवरील अत्याचार व हेळसांड प्रतिबंध, गृहभेट शाखा' असं भारदस्त नाव होतं. घरोघरी मात्र त्यांना नुसतं ताई म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.

ताई बोलायच्या कमी. जे बोलायच्या त्यातही एक बोलणं ठरलेलं होतं. पहिल्याच भेटीत, बाळ शहाण्यासारखं झोपलेलं असताना, त्या सांगायच्या: "बाळ रडतं. एखाद्या दिवशी काही केल्या थांबत नाही. तुमच्या हातांना काहीतरी व्हायला लागलंय असं वाटलं, की बाळाला पाठीवर खाली ठेवा, दार ओढून घ्या आणि बाहेर जा. रडल्याने बाळाला काही होत नाही. हलवल्याने होतं."

लोकांना हे ऐकायला आवडत नसे. झोपलेल्या बाळाकडे बघत आया म्हणायच्या, "आमच्याकडे नाही हो असं काही." एका आजोबांनी तर तोंडावर विचारलं होतं, "आम्ही काय राक्षस वाटलो का तुम्हाला?"

"राक्षसांकडे मला पाठवत नाहीत," ताई म्हणाल्या होत्या. "माणसांकडेच पाठवतात." आणि वजनाचा काटा पिशवीत ठेवून उठल्या होत्या.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पैशाचं घोडं अडलं. गृहभेट शाखेला दर वर्षी सरकारी निधी मिळे, आणि यंदा निधी देणाऱ्यांनी विचारलं होतं, की गेल्या वर्षात आपल्या शाखेने नेमक्या किती घटना टाळल्या. शाखेच्या प्रमुख मोठ्या बाई हा प्रश्न घेऊन आठवडाभर बसल्या. सुंठीवाचून खोकला गेला तर माणसाला आनंद होतो. पण सुंठ दिली म्हणून खोकला आलाच नाही, हे पटवायला जावं तर लोक सुंठवाल्याकडेच संशयाने बघतात. शेजारच्या, मार लागलेल्या मुलांच्या उपचार शाखेला हा त्रास नव्हता. त्यांच्याकडे फोटो होते.

शेवटी मोठ्या बाईंनी बरीच रदबदली केली आणि एवढं ठरलं, की निधी समितीने स्वतः एका घरी यावं आणि काम डोळ्यांनी बघावं. शितावरून भाताची परीक्षा. पटलं तर आणखी वर्षभराचा निधी, नाही पटलं तर शाखा बंद. शाखा बंद झाली तर ताईंची बदली लसींच्या भांडारात होणार होती. तिथे थंडावा होता, शांतता होती, बाटल्या रडत नाहीत. स्वतःपुरतं बघायचं तर ताईंना ते चाललं असतं. पण त्यांच्या वाट्याची घरं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाणार नव्हती, ती नुसती सुटणार होती. त्यातल्या काही घरांच्या पायऱ्या चढताना ताई अजूनही आधी कान देत आणि मग कडी वाजवत.

"चांगलं घर दाखवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"चांगल्या घराला आपली गरज काय, असं म्हणतील."

"मग वाईट दाखवा."

"वाईट असलं तर इतके दिवस तुम्ही तिथे काय केलंत, म्हणतील."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मधलं बघा काहीतरी. आधी जरा वाईट असलेलं आणि आता बऱ्यापैकी सुधारलेलं."

"एक आहे. पण तिथे दिवसभर बाळाजवळ बाप असतो."

"उत्तम. आयांचं ऐकून ऐकून समितीचे कान किटलेत. बाप काय करतो?"

"पंक्चर काढतो."

"बोलतो का नीट?"

"जरा जास्तच बोलतो."

"मग तोच," मोठ्या बाई म्हणाल्या.

पंक्चरवाल्याचं दुकान त्याच्याच इमारतीच्या तळाशी होतं आणि घर तिसऱ्या मजल्यावर. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत सकाळी लवकर जायची ती दिवस कलताना यायची. मग हा खाली उतरून दुकान उघडायचा. दिवसभर पोरगं त्याच्याकडे. पोरगं गोरंगोमटं, बाळसेदार आणि अखंड रडणारं होतं. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं, की त्याला काही झालेलं नाही, ते फक्त रडतं.

"समिती येणार म्हणजे मी काय बोलायचं?" पंक्चरवाल्याने विचारलं.

"जे खरं आहे ते," ताई म्हणाल्या. "आमच्या येण्याचा कशाकशाला उपयोग झाला, तेवढं सांगा."

"शर्ट कोणता घालू?"

"धुतलेला."

"सगळेच धुतलेले आहेत. बायको लाँड्रीत आहे."

याउपर ताईंनी त्याला काही शिकवलं नाही. काय सांगायचं ते तर नाहीच, आणि काय सांगायचं नाही तेही नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला पढवायचं काय, असं त्यांना वाटलं. ताईंसारख्या विज्ञान शिकलेल्या माणसाची ही एक जुनी समजूत असते.

ठरल्या दिवशी समिती आली. तिघं जण होते. अध्यक्ष म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, बांध्याने भक्कम, स्वभावाने भिडस्त. दुसऱ्या, कायद्याचं बघणाऱ्या मॅडम, त्यांच्या हातात सतत पेन. तिसरा हिशेबनीस, तरणा, किडकिडीत, डोळे लालसर, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला तर तिथेच झोपेल असा. मोठ्या बाई आणि ताई मागून आल्या.

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पंक्चरवाल्याने शेजारपाजारहून खुर्च्या जमवल्या होत्या. एकीची उंची दुसरीला जुळत नव्हती. अध्यक्षांच्या वाट्याला सर्वांत बुटकी आली, आणि ते एवढे भिडस्त, की गुडघे छातीशी घेऊन तसेच बसून राहिले. पोरगं कोपऱ्यात पाळण्यात झोपलं होतं. पंक्चरवाल्याच्या सासूबाई सकाळपासून येऊन बसल्या होत्या. जावयाची अब्रू राखायला, की ती कशी जाते ते बघायला, हे त्यांचं त्यांना माहीत. चहा त्यांनीच केला.

"तर," अध्यक्ष खालून म्हणाले, "या भेटींचा तुम्हाला काय उपयोग झाला?"

"सगळ्यात मोठा उपयोग एकच झाला, साहेब." पंक्चरवाल्याने दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडांत काळं कायमचं बसलं होतं. "हे हात बघा. टायर रिमवरून उतरवायचा तर हळूहळू जोर लावून चालत नाही. एकदम लावावा लागतो. तर त्या दिवशी हा सकाळपासून रडत होता. पाजून झालं, पुसून झालं, खांद्यावर घेऊन फिरवलं, खिडकीतून बस दाखवल्या. हा आपला रडतोय. आणि माझ्या एकदम लक्षात आलं, की मी त्याला टायर धरावा तसा धरलाय."

चहाचे कप जिथल्या तिथे राहिले.

"मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"मग ताई म्हणाल्या होत्या तसं केलं. पाठीवर खाली ठेवला, दार ओढून घेतलं, बाहेर गेलो."

"बाहेर म्हणजे कुठे?" कायदेवाल्या मॅडमनी विचारलं.

"जिन्यात. खालच्या वळणावर."

"आणि बाळ?"

"आत. ऐकू येत होतं ना रडणं. रडतंय म्हणजे श्वास चालू आहे, असं ताई म्हणतात. मी तिथे बसून पान्यांचे नंबर म्हटले, लहानापासून मोठ्यापर्यंत आणि परत उलटे. मग हात आपले आपल्याला सापडले. मग वर आलो." एवढं सांगून त्याने सगळ्यांकडे समाधानाने पाहिलं. "ताईंनी ते सांगून ठेवलं नसतं ना साहेब, तर आज तुम्हाला शेजारच्या शाखेच्या कामासाठी यावं लागलं असतं."

मोठ्या बाईंनी हलकेच मान डोलावली. याहून चांगलं त्यांना लिहून देऊनही कुणी बोललं नसतं.

"म्हणजे माझ्या नातवाला घरात एकट्याला टाकून तुम्ही जिन्यात बसला होता, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"आणि मला सांगितलंत, दिवसभर छान खेळला."

"संध्याकाळी खेळला."

"घरात तेव्हा दुसरं कुणी मोठं माणूस?" कायदेवाल्या मॅडम म्हणाल्या. त्यांचं पेन चालू झालं होतं.

"कुणी नाही. म्हणून तर बाहेर गेलो."

मॅडमनी लिहिलेलं एकदा मनात वाचलं आणि मग मोठ्याने सांगितलं. आवाजात राग नव्हता. हवामानाचा अंदाज सांगावा तसा सूर होता. "तान्ह्या बालकास मोठ्या माणसाच्या देखरेखीविना एकटे सोडणे. हेळसांडीच्या व्याख्येत हे थेट बसतं. मला कळवावं लागेल."

"कुणाला?" पंक्चरवाला म्हणाला.

"बालसंरक्षण कार्यालयाला. असं काही कानावर आलं, की कळवावंच लागतं. आम्हाला तसा नियम आहे."

अध्यक्ष बुटक्या खुर्चीत हलले. "आपण नक्की तसंच ऐकलं का, मॅडम?"

"मी टिपून घेतलंय, सर."

पंक्चरवाल्याने ताईंकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "ते कार्यालयवाले येऊन काय करतात?"

"चौकशी करतात. बालकाला काही दिवस सुरक्षित जागी हलवावं का, ते ठरवतात."

"पण हा सुरक्षितच होता की," पंक्चरवाला म्हणाला. लहान मुलाला समजवावं तसं तो सावकाश सांगत होता. "धोका होता तो माझा. मग मी मला बाहेर काढलं. आता याला हलवून काय होणार?"

याचं उत्तर देणं हे मॅडमच्या कामात येत नव्हतं. सासूबाईंनी कप गोळा करायला सुरुवात केली. अध्यक्षांचा भरलेला कप उचलता उचलता त्या कपाकडे बघूनच म्हणाल्या, "आमच्या खोलीला तर दारच नव्हतं. जायचं कुठे." कुठे आणि कशासाठी, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्या कप घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

तेवढ्यात पोरगं जागं झालं आणि रडू लागलं. समितीने आधी पाळण्याकडे पाहिलं आणि मग, सगळ्यांनी एकदमच, बापाच्या हातांकडे. त्याने ते हात शर्टाला पुसले, पोराला उचललं, खांद्यावर घेतलं आणि खिडकीशी जाऊन बस दाखवू लागला. पोरगं थांबलं नाही. समिती आली म्हणून थांबणाऱ्यांपैकी ते नव्हतं.

उतरताना हिशेबनीस मुद्दाम मागे राहिला. पुढची मंडळी एक मजला खाली गेल्यावर त्याने घसा साफ केला.

"ताई, एक विचारू का? ते दार. पूर्ण लावून घ्यायचं, की फट ठेवायची?"

ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग होता, घाईत पुसलेला.

"ऐकू येईल एवढी ठेवायची. कडी लावायची नाही."

"आणि उशी वगैरे?"

"काही नको. पाठीवर, मोकळं."

"परत आत कधी जायचं?"

"हात आपले वाटले की."

त्याने मान हलवली. "आपलं माहितीसाठी विचारलं."

"हो," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बैठक झाली. टेबल लांब होतं, खुर्च्या सारख्या उंचीच्या होत्या, त्यामुळे अध्यक्षांना बरं वाटत होतं. पण तेवढंच.

"आपण प्रतिबंधासाठी पैसे देतो," ते म्हणाले, "आणि प्रतिबंधवाले घरोघरी जाऊन हेळसांड शिकवतात, असं उद्या वर्तमानपत्रात आलं तर मी काय सांगू?"

"ती हेळसांड नाही, सर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग काय आहे?"

मोठ्या बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "त्या क्षणी त्या माणसापुढे दोनच गोष्टी असतात. ही त्यातली बरी आहे."

"व्याख्येत तिसरी दिलेली आहे," कायदेवाल्या मॅडम म्हणाल्या. "मदतीसाठी दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलावणे."

"दुसरं मोठं माणूस असलेल्या घरी आम्हाला क्वचितच पाठवतात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुमचं मला पटतंय. मलाही दोन मुलं आहेत. पण उद्या कुणी बाळाला घरात ठेवून बाजारात गेलं आणि म्हणालं, आम्हाला सरकारी बाईंनीच सांगितलं होतं, तर? तेव्हा फाइल उघडतील आणि बघतील, की मी हे ऐकलं होतं आणि गप्प बसले."

हे बोलणं खोटं नव्हतं. मॅडम वाईट असत्या तर सोपं झालं असतं, असं ताईंना वाटून गेलं.

अध्यक्षांनी आयुष्यभर पाण्याला वाट काढून दिली होती. त्यांनी याही वेळी काढली. "समजा, दोष त्या बापाचा नाही. सल्लाच चुकीचा होता. मग?"

मॅडमनी विचार केला. "मग बापावर काही येत नाही. अधिकृत कर्मचाऱ्याने सांगितलं तसं तो वागला. मला बालसंरक्षणला कळवायचं कारण उरत नाही. कर्मचाऱ्याला लेखी समज द्यायची, सल्ला मागे घ्यायचा, विषय संपला."

"आणि निधी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"चूक दुरुस्त करणाऱ्या शाखेला निधी द्यायला हरकत काय?" अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "उलट दुरुस्ती दाखवता येते. टाळलेल्या घटना दाखवता येत नव्हत्या, ही तर घडलेली आहे."

आता उरलं एवढंच, की तो सल्ला चुकीचा होता असं ताईंनी सही करून द्यायचं. कुणी तसं म्हटलं नाही. मोठ्या बाई चष्म्याच्या काचा पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही.

ताईंनी आजवर बऱ्याच कागदांवर सह्या केल्या होत्या. वजनं, तारखा, तापमान. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायची आणि खाली सही करायची त्यांना कॉलेजपासूनची सवय होती. बरोबर आकड्यावर रेघ मारायची ही पहिलीच वेळ. नाही म्हटलं तर बापाचं नाव कार्यालयात जाणार, चौकशीवाले तिसरा मजला चढणार, शाखा बंद होणार, आणि ते वाक्य बरोबरच राहणार, फक्त ते सांगायला कुणी कुठे जाणार नाही. हो म्हटलं तर घरांत जाता येईल आणि तिथे गेल्यावर तेवढंच सांगता येणार नाही.

"कागद द्या," ताई म्हणाल्या.

हिशेबनिसाने अट लिहून काढली. बाळास खाली ठेवून बाहेर जाण्याबाबतचा सल्ला शाखेच्या कोणत्याही कर्मचाऱ्याने यापुढे कोणत्याही कुटुंबास तोंडी वा लेखी देऊ नये. लिहिताना त्याने मान वर केली नाही. अक्षर सुंदर होतं.

ताईंनी सही केली. निधी मंजूर झाला. बाहेर आल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या सेवापुस्तकात ती समज राहणार."

"राहू दे."

"बढतीला आडवी येईल."

"बढती म्हणजे टेबल," ताई म्हणाल्या. "मला टेबलावर झोप येते."

संध्याकाळी त्या पंक्चरवाल्याच्या दुकानी गेल्या. तो एक ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधत होता. ताईंनी त्याला झालेलं सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला, ट्यूब फिरवत.

"म्हणजे मी चुकलो नाही. तुम्ही चुकलात."

"कागदावर."

"कागदावर चुकलात, हे चांगलं झालं का वाईट?"

"तुमच्यासाठी चांगलं झालं."

बुडबुडा सापडला. त्याने तिथे अंगठा ठेवला. "आणि समजा, परत हात तसे झाले, तर आता काय करायचं?"

उत्तर त्यांना पाठ होतं, आणि सही करून अजून दिवसही मावळला नव्हता.

पंक्चरवाल्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं, बरं. तुम्ही नका बोलू. मला माहीत आहे ते." त्याने ट्यूब पुसायला घेतली. "हिला सांगितलं मी सगळं. म्हटलं, आईकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तर ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मी पण बसलेय जिन्यात. दोनदा. सुट्टीच्या दिवशी, तू टायर आणायला गेला होतास तेव्हा."

"असं का?"

"मला एका शब्दाने बोलली नव्हती. तिला वाटलं, मी काय म्हणेन." तो ट्यूबवर खरखरीत कागद घासू लागला. "सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. सगळं एकदम नको."

"नको," ताई म्हणाल्या.

निधी आला आणि नव्या घरांची यादी आली. पहिलंच घर एका गणिताच्या शिक्षिकेचं होतं. ती बाळंतपणाच्या रजेवर होती, नवरा जहाजावर. बैठं घर, मागे छोटं अंगण, अंगणात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. घर इतकं नीटनेटकं, की ताईंनी पिशवी कुठे ठेवावी म्हणून जरा विचार केला. बाळ रडत होतं. ताई आल्या तेव्हा रडत होतं, वजन करताना रडत होतं, दूध पिऊन झाल्यावर तर नव्या दमाने रडत होतं. ताईंनी त्याला नखशिखांत तपासलं. ताप नाही, पोट मऊ, वजन उत्तम. काही झालेलं नव्हतं. ते फक्त रडत होतं.

"मी ठीक आहे," शिक्षिका म्हणाली. ताईंनी तसं विचारलेलं नव्हतं. "मी वेळापत्रक केलंय त्याचं. पहिला आठवडा पाळलं त्याने."

"हं."

"शाळेत एका वर्गात साठ मुलं असतात माझ्या. एकही आवाज येत नाही." तिने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, जरा झटक्यानेच. "आणि हा एक."

ज्या जागी ताई ते ठरलेलं बोलणं बोलायच्या, ती जागा आली. ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. शिक्षिकेची बोटं बाळाच्या पाठीवर रुतली होती. नखांखालचा रंग गेलेला ताईंना बसल्या जागेवरून दिसत होता. बाईच्या चेहऱ्यावर मात्र हसू होतं, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासाठी ठेवतात तसं.

ताई उठल्या. त्यांनी बाळाला तिच्या हातून घेतलं. पाळण्यातली भरतकामाची उशी उचलून बाजूला ठेवली, दुलई काढली, बाळाला पाठीवर ठेवलं. मग शिक्षिकेचं कोपर धरलं, तिला मागच्या दाराने अंगणात आणलं आणि दार ओढून घेतलं. बोटभर फट ठेवली. शाखेतला नियम ताईंनी कधी मोडला नव्हता, त्या दिवशीही मोडला नाही. त्या काही बोलल्याच नाहीत.

अंगणात दोन बादल्या होत्या. ताईंनी दोन्ही पालथ्या घातल्या, एकीवर बसल्या आणि दुसरी दाखवली.

"अहो, तो रडतोय," शिक्षिका म्हणाली.

ताईंनी मान डोलावली. फटीतून रडणं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

"आपण आत जायला हवं ना?"

ताई बसून राहिल्या. शिक्षिका दाराकडे बघत उभी राहिली, मग बादलीकडे, मग बसली. दोरीवरची लंगोटं वाऱ्याने हलत होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर. हळूहळू तिने मुठी उघडल्या. आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे हात आपल्याकडे ठेवायला दिले असावेत तसे. त्यावर नखांच्या खुणा उमटल्या होत्या. तिने त्या अंगठ्याने चोळल्या.

"असं चालतं?" तिने विचारलं.

"यावर मला बोलता येत नाही."

"का?"

"सरकारी कारण आहे."

शिक्षिका हसली. या वेळचं हसू तपासणीसाठी नव्हतं. ते मध्येच मोडलं, आणि तिने बाहीने नाक पुसलं. आत बाळ रडत होतं. तिने कान देऊन ऐकलं, गणिताची पायरी तपासावी तसं. मग पुन्हा हातांकडे पाहिलं.

"अजून जरा बसू या का?" ती म्हणाली.

ऊन तिच्या बाजूला आलं होतं. ताईंनी आपली बादली सरकवली आणि तिला सावलीत जागा करून दिली.